सहा कपांचं यंत्र

आमच्या सरांनी बायको एका दुपारी पसंत केली, घराची जागा दोन दिवसांत ठरवली आणि कॉफीचं यंत्र निवडायला सात वर्षं लावली. हे माझं म्हणणं नाही, अक्कांचं. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. "मला बघायला आले तवा मान वर करून बघितलं बी न्हाई. आन् त्या डब्याला उलटा करून, पालथा करून, आत बोट घालून बघायलेत," असं त्या येईल त्याला सांगायच्या. सर वहीतून डोकं वर न काढता म्हणायचे, "तुला बोलता येत हुतं. डब्याला येत न्हाई, म्हणून बघावं लागतंय."

हुमनाबाद तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात सर गणित आणि विज्ञान शिकवायचे, मी मराठी. मी तिथलाच, गावातला. ते जनवाड्याकडचे. बदली होऊन आले आणि दोन वर्षांत, बौद्ध वस्ती जिथं संपते आणि बाकीचं गाव जिथं सुरू होतं त्या मधल्या रिकाम्या जागेत दोन खोल्या बांधून राहिले. दुसरीकडं कुणी जागा दिली नाही म्हणून तिथं बांधलं की मुद्दाम हीच शोधून काढली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्यापेक्षा ते बारा-तेरा वर्षांनी मोठे. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, तसं ते मला म्हणायचे. हेडमास्तरांशी ते कानडी बोलत, बसस्टँडवर दखनी, घरात आणि माझ्याशी मराठी, आणि तिन्ही भाषांत सारखेच हट्टी होते.

त्यांच्या वर्गात 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. एखाद्या पोरानं घाबरून "अंदाजे चाळीस" म्हटलं की सर खडू खाली ठेवायचे. "अंदाजे म्हणजे कोणत्या बाजूनं? चाळिसाच्या अलीकडं का पलीकडं?" पोराची बोबडी वळायची. पुढंपुढं टवाळ पोरं बाजारात भाजीवाल्यालाही "कोणत्या बाजूनं?" विचारायला लागली आणि दोघातिघांनी त्यापायी शिव्याही खाल्ल्या.

खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असायचा. तो शाळेचा नसून स्वतःच्या पैशानं आणलेला आहे, हे ते न विचारता सांगायचे. बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा आला की तो चहात बुडवायचा, वाचायचा, पुसायचा आणि मग प्यायला सुरुवात करायची. हॉटेलवाला कातवायचा. "सर, च्याला ताप आलाय का?"

"न्हाई, उतरलाय. जरा चढू द्या," असं म्हणून सर चहा परत पाठवायचे.

हा चहाही ते हॉटेलच्या कपातून घेत नसत. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे, त्यात ओतून घ्यायचे. गाव म्हणायचं, मास्तर फार टापटिपीचे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. एकदा शाळेतून परत येताना मी सहज चेष्टा केली, की हॉटेलचे कप आता स्वच्छ असतात, सर. ते चालायचे थांबले नाहीत.

"लहानपणी आमच्याकडं हॉटेलाच्या बाहीर, भिंतीला खुंट्या हुत्या," ते म्हणाले. "त्यावर कान तुटलेले कप. ते आमचे. पिऊन, धुऊन परत तिथंच अडकवायचे. आता खुंट्या न्हाईत, कायदा आलाय. पण मला कप द्यायच्या येळंला हॉटेलवाल्याचा हात ढिगावर जरासा थांबतोय, तम्मा. कुठला द्यावा म्हणून. मला ते थांबणं बघायचं न्हाई. म्हणून माझा पेला."

हे सगळं त्यांनी फळ्यावर सिद्धता मांडावी तसं, आवाज न चढवता सांगितलं. मग त्यांनीच विषय बदलला आणि म्हैसूरची गोष्ट सांगितली. म्हैसूरला ते बी.एड. करायला गेले होते. पहिल्याच सकाळी एका खानावळीत बसले, तर समोर पितळेची वाटी आणि त्यात पेला आला, वर बोटभर फेस. "वाढणाऱ्यानं नाव विचारलं न्हाई, गाव विचारलं न्हाई. साखर कमी का जास्ती, एवढंच विचारलं. तसला फेस मला माझ्या घरात काढायचाय."

आमच्या भागात तेव्हा कॉफी म्हणजे पाहुण्याला ताप आला तर करायची वस्तू. गावात सगळे चहाचे. छप्पन्न सालानंतर आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि तिकडून बदलून येणाऱ्या साहेबलोकांबरोबर कॉफी तालुक्यापर्यंत पोचली, एवढंच. सर कलबुर्ग्याच्या एका दुकानातून पूड दळून आणायचे आणि फडक्यातून गाळून कॉफी करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याकडं जायचो आणि आम्ही दोघं प्यायचो. अक्का समोर बसून गुळाचा चहा घ्यायच्या. "त्या जळक्या पाण्यात काय हाय, देव जाणे," असं त्यांचं म्हणणं. कॉफी त्यांनी तोवर कधी तोंडाला लावली नव्हती.

मी तिथं रोज पितो हे मी घरी सांगितलं नव्हतं. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांपर्यंत कळप होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली, तीन म्हशी घेतल्या आणि दुधाचे रतीब लावले. त्यांतला एक रतीब सरांकडचा. अक्का पातेलं ओट्यावर ठेवून मागं सरायच्या. आप्पा हात उंच करून वरून धार सोडायचे, म्हणजे माप पातेल्याला लागायला नको. असंच चालत आलेलं होतं. आप्पांच्या मनात वाईट नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते बहुतेक खरंही होतं. पण हात वरच असायचा. वरून धार पडली की पातेल्यात फेस यायचा. एकदा तो बघत सर मला म्हणाले, "तुझे आप्पा बघ, यंत्राबिगर फेस काढतात." मी हसलो आणि लगेच मला हसल्याची लाज वाटली. सर मात्र खरंच त्या फेसाची उंची बघत होते.

यंत्रांसाठी त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. हैदराबाद, सोलापूर, बेंगळुरू, जिथं जिथं एक्स्प्रेसो कॉफीची यंत्रं विकणारं दुकान आहे असं कानावर येई तिथं ते कार्ड टाकायचे. उत्तरं यायची, चित्रं यायची, ती वहीत चिकटवली जायची. पोस्टमन ती चित्रं वाटेत सगळ्यांना दाखवत आणायचा, त्यामुळं गावाला सरांच्या आधी कळायचं की नवीन कुठलं यंत्र आलंय.

बाजारात तेव्हा साधारण तीन तऱ्हा होत्या. सर्वांत स्वस्त म्हणजे घरच्या कुकरला बसवायची नळी. कुकरची वाफ नळीतून दुधात सोडायची. ती अक्कांनी एका वाक्यात निकालात काढली: "माझ्या वरणाच्या कुकरला हात लावायचा न्हाई." दुसऱ्या टोकाला हॉटेलातलं आणि लग्नातलं पितळी धूड, त्याला घड्याळासारखा काटा, आणि किंमत सरांच्या दोन पगारांच्या वर. मधे चुलीवर ठेवायची अॅल्युमिनियमची यंत्रं होती, तीन कपांची आणि सहा कपांची. विजेवर चालणारंही एक होतं, पण आमच्याकडं दिवसातनं चार वेळा दिवे जायचे, तेव्हा ते वहीत चिकटवण्यापुरतंच.

मला यातलं फार कळत नव्हतं. पण एक दिवस मी म्हटलं, "सर, तुम्ही पिणारे एकटे, फार तर मी. तीन कपांचं घ्या की. स्वस्त बी हाय. सहाचं कामून पाहिजे?"

"तीनचं घितलं तर पाहुणे आल्यावर दोनदा करावं लागंल," सर म्हणाले. "दोनदा केलं की पयल्यातलं कुणाला, दुसऱ्यातलं कुणाला, हे आलंच. लोक बघत बसतात आपल्याला कुठलं आलंय ते. मला एकदाच करायचंय. एका उकळीत सगळ्यांचं."

"मग मोठंच घ्या. पितळी."

"पितळी घितलं तर गाव काय म्हणंल?"

गाव काय म्हणेल ते मला चांगलं माहीत होतं. मास्तराला माज आलाय, असं म्हणेल.

"आन् कुकरची नळी घितली तर बघायला कोण येतंय?" सर पुढं म्हणाले. "लोक माझ्या घरी मला भेटायला येणार न्हाईत, तम्मा. यंत्र बघायला येतील. आले म्हणजे बसतील. बसले म्हणजे हातात कप द्यायचा. हातात आलेला कप माणूस सहसा खाली ठिवत न्हाई. म्हणून यंत्र असं पाहिजे की बघायला यावं वाटलं पाहिजे, पण डोळ्यांत खुपलं न्हाई पाहिजे. तसलं मधलं लौकर सापडत न्हाई."

सात वर्षं ते काय शोधत होते, हे मला तेव्हा कळलं. मला भरून आलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण शाळेतले जुने शिक्षक सरांच्या घरी गेले की कुणाचा उपास असायचा, कुणाचं पथ्य, कुणाचं नुकतंच जेवण झालेलं असायचं. हे सरांनाही दिसत होतं. त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही. ते यंत्र शोधत राहिले.

शेवटी हैदराबादच्या एका दुकानात सहा कपांचं, त्यांच्या वहीतल्या सगळ्या अटींत बसणारं यंत्र आल्याचं कार्ड आलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी बरोबर गेलो. सरांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुधाची किटली होती, आणि पिशवीत पाण्याची बाटली. दूध आमच्याच म्हशीचं, पहाटे आप्पांनी काढलेलं आणि अक्कांनी उकळून दिलेलं. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सर हैदराबादला दूध कामून न्यायलेत? तिथं म्हशी न्हाईत का?" बसमध्ये मी तोच प्रश्न सरांना विचारला. ते म्हणाले, "तिथलं दूध पातळ, आपलं जाड. यंत्र आपल्या दुधावर चाललं पाहिजे. तिथल्या दुधावर चालून मला काय उपयोग?"

दुकानदार म्हातारा आणि गमत्या होता. सरांनी नाव सांगितल्याबरोबर तो उठून उभाच राहिला. "अरे मास्टर साब! सात साल से चिठ्ठ्यां डाल रैं तुमे. बीच में दो साल नै आई तो मैं समझा, गुजर गए बिचारे." सरांनी किटली पुढं केली. "दूध बी लाए? फिर पानी बी लाए होंगे." सरांनी बाटली काढून दिली. दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि पोऱ्याला चहा सांगायला निघाला, तर सर म्हणाले, "चाय नक्को. पहले मशीन."

दुकानातल्या पंपाच्या स्टोव्हवर यंत्र चढलं. वीतभर उंचीचं जाड भांडं, वर पिळून बसवायचं झाकण, एका बाजूला कॉफी पडायची तोटी, दुसऱ्या बाजूला वाफेची बारीक नळी, तिला काळी मूठ. पाणी तापलं, तोटीतून काळी कॉफी पडायला लागली, मग सरांनी स्वतः मूठ फिरवली आणि नळी दुधात धरली. असा काही आवाज झाला की रस्त्यावरचे दोघं आत डोकावले. फेस आला. सरांनी थर्मामीटर बुडवला, वाचला, वहीत लिहिलं. मग म्हणाले, परत. तीनदा केलं. तिसऱ्यांदा दुकानदारानं खुर्ची ओढून घेतली आणि आपणही एक कप घेतला. झाकणातल्या रबराचे दोन जादा वायसर मिळाल्याशिवाय सर उठले नाहीत. परतीच्या बसमध्ये यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. वाटेत कुणीतरी ते वर ठेवायला मागितलं, तर म्हणाले, "बसू द्या, तिकीट काढलंय," आणि मला कळेना की ही थट्टा आहे की खरंच काढलंय.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी पाच जणांना बोलावलं. हेडमास्तर, पोस्टमास्तर, हॉटेलवाला, मी आणि आप्पा. पाच पाहुणे आणि सहावा कप स्वतःचा, अक्का तर चहावाल्या. आप्पांना त्यांनी ओट्यावर दूध घालतानाच सांगितलं होतं, "आप्पा, आयतवारी दूध घिऊन याल तवा जरा बसा. तुमच्याच दुधाचं हाय." आप्पा म्हणाले होते, "बघू की."

सरांचा अंदाज खरा ठरला. गाव कधीचं त्या यंत्राची चित्रं बघत आलेलं. तिघंही वेळेवर आले. हेडमास्तर त्या घरात पहिल्यांदाच आले होते. भिंतीवरची बुद्धाची तसबीर, पुस्तकांचं कपाट, सगळं निरखून बघून खुर्चीवर बसले. हॉटेलवाल्याला धंद्यातलं कुतूहल होतं, तो स्टोव्हजवळच उभा राहिला. मग आप्पा आले. नेहमीसारखं वरून दूध घातलं आणि रिकामी किटली घेऊन उभे राहिले. सर म्हणाले, "बसा की." आप्पा आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. उंबऱ्यावर बसले. माझी खुर्ची त्यांच्या बरोबर समोर.

यंत्रानं काम चोख केलं. कॉफी पडली, वाफेचा आवाज झाला, पोस्टमास्तर दचकले, सगळे हसले. हॉटेलवाल्यानं दोनदा मूठ फिरवून बघितली. सरांनी सहा कप ट्रेमध्ये मांडले, नवीन, एकसारखे, आणि सगळ्यांत सारखा फेस घातला. ट्रे घेऊन ते आधी माझ्याकडं आले. का, ते मला कळत होतं. एकानं घेतला की बाकीच्यांना सोपं जातं, आणि पहिला घेणारा त्यांच्या हिशेबात पक्का होता.

"पयला कप तम्माला," ते आनंदानं सगळ्यांना म्हणाले. "त्याला सवय हाय. रोजचाच हाय तो."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा माझ्याकडं बघत होते.

"मी कुठं काफी पितो, सर?" मी म्हणालो. "तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायलाव." आणि मी ट्रेकडं गेलेला हात मागं घेतला.

'अंदाजे' म्हणणाऱ्या पोराला उभं करणारा तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, व्हय. माझाच घोळ झाला. ध्यानात राहत न्हाई आजकाल."

ते ट्रे घेऊन हेडमास्तरांकडं वळले. हेडमास्तरांनी कानडीत सांगितलं की डॉक्टरांनी दूध बंद केलंय. पोस्टमास्तर आताच चहा घेऊन निघाले होते. हॉटेलवाल्यानं हात जोडले, सकाळपासून दुकानात चव बघून बघून पोट भरलंय म्हणाला. आप्पांपर्यंत ट्रे गेलाच नाही. सरांनी तो टेबलावर ठेवला आणि पुढची दहा मिनिटं ते वायसर कसा बसवायचा, स्टोव्ह पंपाचाच का पाहिजे, हे समजावून सांगत राहिले. सगळ्यांनी चांगले प्रश्न विचारले. यंत्र सगळ्यांना आवडलं. मग एकेक जण उठला.

मी उठलो तेव्हा अक्का आतल्या दारातून पुढं आल्या. त्यांनी ट्रेमधला पहिला कप, माझा, उचलला आणि उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला. माझ्याकडं बघितलंही नाही.

घरी जाताना वेशीपाशी आल्यावर आप्पा म्हणाले, "तू घितला न्हाईस."

"तुमच्यासमोर कसा घिऊ, आप्पा?"

ते थांबले. "माझ्यासमोर? अरं, सात वर्सं तुझ्या तोंडाला काफीचा वास यायलाय. मला नाक न्हाई व्हय? म्हणलं, आज हा घील. ह्याच्या मागं आपुन घिऊ. पोराच्या मागं गेलं तर म्हाताऱ्याला कुणी काय म्हणत न्हाई. मी आपणहून पुढं हात कसा करू? आजवर कधी केला न्हाई."

मी तिथंच म्हणायला हवं होतं, चला आप्पा, आत्ता परत जाऊ, कॉफी अजून गरम असेल. पाच मिनिटांचं अंतर होतं. मी म्हटलं नाही. मला परत त्या घरात जाऊन सरांच्या तोंडाकडं बघायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपुढं मला दुसरं काही दिसलं नाही.

आठवड्यानं मी एकटा गेलो. सरांनी यंत्र चढवलं, कप दिला, शाळेचं वेळापत्रक काढलं. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. यंत्र अर्धं भरून नीट चालत नसे, त्यामुळं दोघांसाठीसुद्धा ते सहा कपांचीच कॉफी करायचे आणि उरलेली संध्याकाळपर्यंत एकटे पीत राहायचे. पुन्हा त्यांनी गावातल्या कुणाला बोलावलं नाही. आणि बोलावल्याशिवाय आप्पा जाणार नव्हते.

आप्पांनी दुसरंच काहीतरी केलं. ते मला उशिरा कळलं, आणि तेही सरांकडून. एकदा कॉफी ओतता ओतता सरांनी विचारलं, "तम्मा, आप्पांची तब्येत बरी हाय ना? दूध घालताना हात पार खाली यायलाय त्यांचा. माप पातेल्याच्या काठाला टेकवून घालतात. फेस येत न्हाई आता."

त्यांना सगळं सांगायची याहून चांगली वेळ मला कधी मिळणार होती? आप्पांनी आपल्या परीनं एक पाऊल टाकलं होतं, आणि ते कुणीतरी सरांना उलगडून सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे वेशीवरचं बोलणं सांगणं आलं. आप्पा घेणार होते, आणि माझ्यामुळं राहिलं, हे सांगणं आलं.

"वय झालंय सर," मी म्हणालो. "खांदा दुखतो त्यांचा."

सरांनी दुसऱ्या दिवशी आप्पांसाठी खांद्याला लावायचं तेल पाठवलं.

दोन वर्षांनी त्यांची बदली आळंद तालुक्यात, कडगंचीच्या बाजूला झाली. मी एकदा भेटायला गेलो. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ते यंत्र होतं आणि मधल्या सुट्टीत सात-आठ शिक्षक त्याच्याभोवती कप धरून उभे. सगळे तरुण, तऱ्हेतऱ्हेच्या घरांतले. सर फेस काढत होते आणि कुणाला किती अंशांवर पाहिजे ते विचारत होते. मला खूप बरं वाटलं. निघताना ते स्टँडपर्यंत आले. बस यायची होती.

"तुझं गाव वाईट न्हाई, तम्मा," ते अचानक म्हणाले. "माझं गणित चुकलं. गाव तयार हाय असं मी धरून चाललो, आन् ते तयार नव्हतं. अजून दहा-पंधरा वर्सं पाहिजे हुती." स्वतःचा ठोकताळा चुकला, म्हणून ते स्वतःलाच दोष देत होते. गावावर राग नव्हता, माझ्यावर तर नव्हताच.

मी म्हणालो, "व्हय सर." बस आली आणि मी चढलो.

मग आप्पा गेले. नंतर काही वर्षांनी सर गेल्याचं अक्कांचं पत्र आलं. निवृत्तीनंतर ते दोघं कलबुर्ग्याला राहत होते; मी तिथं जाऊन आलो, अक्कांजवळ बसलो, आणि तिथंही बोललो नाही. आता माझंच वय सरांच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरंच पुढं गेलंय. चांगलं बोलणारा मराठीचा शिक्षक म्हणून लोक मला अजून बोलावतात. जे चार शब्द बोलायचे होते ते मात्र तीन वेळा माझ्या तोंडाशी येऊन परत गेले.

म्हणून ते इथं लिहून ठेवतो. सर, तुमचं गणित चुकलं नव्हतं. हेडमास्तरांचं मी सांगू शकत नाही, पोस्टमास्तरांचंही नाही. पण आप्पा कॉफी घ्यायला आले होते. उंबऱ्यावर बसून ते फक्त माझ्या हाताकडं बघत होते, आणि तो मी मागं घेतला.